मुरगावच्या गेटपासून मोजलेला गोवा

मुंबईहून क्रूझने गोव्याला निघालेल्या बहुतेकांच्या डोळ्यांसमोर कळंगुट असतं आणि जहाज लागतं मुरगावला. नकाशात दोन्ही बोटभर अंतरावर दिसतात. प्रत्यक्षात मधे झुआरी येते, पणजी येते, मांडवी येते आणि पर्वरीचा ट्रॅफिक येतो. जहाज बंदरात उभं असताना मिळणाऱ्या त्या सात-आठ तासांत कुठे जायचं यावरून आमच्या घरात जी खडाजंगी झाली, तिचं मूळ इथे होतं.

मुरगावचं नाव ऐकून पहिल्यांदा चिडल्या त्या सासूबाई. लग्नाआधी त्यांनी मुंबई-गोवा बोटीने प्रवास केलेला. भाऊच्या धक्क्यावरून सुटायचं, वाटेत रत्नागिरी-मालवणसारखी बंदरं घ्यायची, रात्र डेकवर चादर अंथरून काढायची आणि सकाळी पणजी. "उतरलं की समोर गाव. सामान हमालाच्या डोक्यावर द्यायचं आणि चालायला लागायचं. आता एवढं मोठं जहाज, एवढे पैसे, आणि उतरवणार कुठे, तर वास्कोच्या पलीकडे!"

त्यांचा राग समजण्यासारखा होता, पण उत्तर जहाजाच्या मोठेपणातच आहे. मांडवीच्या मुखाशी वाळूचा दांडा साचतो. लहान बोटी त्यातून वाट काढतात, हजार-दोन हजार माणसांचं जहाज नाही काढू शकत. मुरगाव हे मुळातच खोल आणि आडोशाचं बंदर. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पोर्तुगिजांच्या राज्यात तिथे धक्का आणि रेल्वे आली, पुढे लोहखनिजाची जहाजं तिथेच भरली जाऊ लागली. आता क्रूझही त्याच बंदरात येते. त्यामुळे डेकवरून गोव्याचं पहिलं दर्शन होतं ते क्रेनचं. नारळाची झाडं नंतर.

आम्ही सात जण होतो. मी, नवरा, आमची मुलगी, सासूबाई, नणंद, तिचे यजमान आणि भाचा. सासूबाईंचं माहेर मंगेशाचं, सासर म्हार्दोळच्या म्हाळसेचं. गोव्यात पाऊल टाकायचं आणि कुलदेवतेला न जाता परत फिरायचं, हे त्यांच्या हिशेबात बसत नव्हतं. भाच्याला किल्ला आणि समुद्र हवा होता. नणंदेला पणजीतले रंगीत वाडे. नणंदेच्या यजमानांना सगळंच हवं होतं, कारण 'पैसे भरलेत'. आणि मला नार्व्याला सप्तकोटेश्वराला जायचं होतं, कधीपासून.

जहाजाच्या सहलींची यादी निघण्याच्या काही दिवस आधी ई-मेलने आली. आग्वाद किल्ला आणि सिकेरी-कांदोळीचा किनारा. जुने गोवे आणि पणजीतलं फोंताइन्हास. मंदिर आणि मसाल्याची बाग, जेवणासकट. मडगाव आणि कोलवा. शिवाय डॉल्फिन दाखवणारी बोट, म्हणजे रात्रभर जहाजात झोपून सकाळी उतरायचं आणि पुन्हा बोटीत बसायचं. ती आम्ही एकमताने काढून टाकली. प्रत्येक सहलीपुढे माणशी दर, एक देखणा फोटो आणि 'कालावधी सुमारे 5 तास' एवढंच. ते पाच तास कुठे जातात, हे यादीत कुठेच नव्हतं.

मी ती यादी छापून घेतली आणि पेन्सिलने समासात हिशेब मांडायला बसले. पुढून नाही, मागून. जहाजावर परत चढायची शेवटची वेळ साडेपाच. साडेपाचला गेटवर पोचून चालत नाही, कारण तिथे ओळखपत्र, क्रूझ कार्ड, सामानाचं स्कॅनिंग असतं आणि सगळं जहाज त्याच सुमाराला परत येतं. म्हणजे साडेचारला गेटवर. वाटेत टायर बसणं, मिरवणूक, पुलावरची रांग यासाठी राखून ठेवलेला अर्धा तास धरला तर चारलाच पोचायचं, असं मनाशी ठरवायचं. सकाळचीही तीच गत. जहाज नऊला लागणार असं छापलेलं असलं तरी नऊला फक्त दोर बांधतात. कागदपत्रं होतात, शिडी लागते, मग डेकवार माणसं सोडतात. साडेदहाच्या आत गेटबाहेर पडलो तर नशीब. राहिले साडेपाच तास. त्यातून जाण्यायेण्याचा वेळ वजा केला की जे उरतं, ती खरी सहल.

या हिशेबात आग्वाद सगळ्यात आधी कोलमडला. मुरगावपासून साधारण पंचेचाळीस किलोमीटर, बसने दीड तास धरायलाच हवा. दोन्ही बाजू मिळून तीन. पाचातले तीन बसच्या खिडकीत गेले, उरलेल्या दोनांत किल्ला, किनारा आणि काजूचं दुकान. ते दुकान यादीत नसतं पण असतंच. जुने गोवे तासाभराच्या अंतरावर; तिथे चालण्यासारखं, सावलीत उभं राहण्यासारखं खूप आहे. पहिल्यांदा येणाऱ्याला मी डोळे झाकून तीच सहल सांगेन. बॉम जेझूस बॅसिलिका 1605 साली पूर्ण झाली, तिथली महत्त्वाची जुनी चर्चेस 1986 पासून जागतिक वारसा आहेत आणि बॅसिलिका, से कॅथेड्रल, सेंट कॅजेटन ही सगळी एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर. बसमधून एकदा उतरायचं, एकदा चढायचं. म्हाताऱ्या माणसांबरोबर असताना 'किती ठिकाणं' यापेक्षा 'कितीदा चढउतार' हा प्रश्न मोठा असतो. कोलवा तसा जवळ, पण किनाऱ्यासाठी एवढं लांब जायचं कारण मला दिसेना. बोगमाळो बंदरापासून अर्ध्या तासावर आहे.

बोगमाळो यादीत नव्हतंच, आणि दाबोळीजवळचं नौदलाचं विमान संग्रहालयही नव्हतं. दोन्ही एकाच रस्त्यावर. मोकळ्या मैदानात सी हॅरियर, ॲलिझे, सुपर कॉन्स्टेलेशन अशी खरी विमानं उभी आहेत, हात लावता येईल इतक्या जवळ. सोमवारी बंद असतं, आमचा बुधवार होता. हा बेत मी राखीव ठेवला: जहाजाला उशीर झाला, बाराच्या पुढे गेटबाहेर पडलो, तर बाकी सगळं सोडायचं आणि विमानं बघून बोगमाळोला पाय भिजवून परत यायचं. यादीत हे का नाही, याचा मी थोडा विचार केला. जे जवळ आहे, स्वस्त आहे आणि रिक्षानेही होतं, त्याला बस आणि गाइड कोण लावेल?

जहाजावर पहिल्या संध्याकाळी सहलींच्या काउंटरवर रांग होती. आत नाचगाणं चालू, बाहेर डेकवर लोक वरळीचे दिवे दिसतायत का बघतायत, आणि आम्ही रांगेत. काउंटरवरची मुलगी आमच्या सांगलीकडची निघाली. मी तिला तीनच प्रश्न विचारले. बसमध्ये एकूण किती वेळ? पायऱ्या किती? आणि मंदिराच्या सहलीत मंदिरात नेमका किती वेळ? पहिल्याचं उत्तर तिने ट्रॅफिकवर सोपवलं. दुसऱ्याचं नीट दिलं, आग्वादच्या चढाची कल्पना दिली. तिसऱ्याला ती हसली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "काकू, मंगेशीला अर्धा तास. बाकीचा वेळ मसाल्याच्या बागेत, जेवण तिथेच असतं ना." म्हार्दोळ? ते नाही. मंगेशीपासून म्हार्दोळ जेमतेम किलोमीटरभर, तरी नाही.

तिनेच एक गोष्ट स्वतःहून सांगितली, आणि ती पैशाइतकी महत्त्वाची आहे. जहाजाच्या सहलीवर गेलात आणि बसला उशीर झाला, तर जहाज थांबतं. स्वतःच्या गाडीने गेलात आणि उशीर झाला, तर जहाज जातं. पुढचं बंदर गाठणं तुमचं तुम्ही बघायचं. माणशी दरात बसचं भाडं, गाइड वगैरे सगळं असेलच, पण खरी किंमत त्या थांबण्याची असते. सात जणांचा जहाजाचा दर मोठ्या गाडीच्या दिवसभराच्या भाड्याच्या दुपटीच्या वर जात होता. तो जास्तीचा पैसा म्हणजे विमा. कुणाला तो घ्यावासा वाटेल, कुणाला नाही. मात्र सगळ्या घराने एकच निर्णय घेतला पाहिजे असं काही नाही. हे सुचलं आणि रात्रीच्या जेवणाआधी वाद मिटला.

नणंदेचे यजमान आणि भाचा, दोघे जहाजाच्या आग्वादच्या सहलीवर. त्यांना उशिराची भीती आहे पण बसची हौस आहे, दोन्ही सोयीचं. आम्ही बाकी पाच जण गाडीने देवाला.

गाडी वास्कोच्या ओळखीतून आधीच बोलून ठेवली होती. ओला-उबर गोव्यात चालत नाहीत. गोवा माइल्सचं ॲप आहे, स्टँडवरच्या टॅक्स्या आहेत, पण जहाज लागतं त्या दिवशी गेटबाहेर उभं राहून भाव ठरवण्यात सकाळचा सोन्यासारखा अर्धा तास जातो. गाडीवाले मूळचे सावंतवाडीकडचे, कैक वर्षं वास्कोत. फोनवर मी त्यांना साडेचारला गेटवर सोडा म्हटलं, तर म्हणाले, "मला चार सांगा. साडेचार सांगितलं की मी साडेचारला धरून चालेन आणि मग तुमची धावपळ." माझ्या समासातला हिशेब या माणसाच्या तोंडपाठ होता. गाडी धक्क्यापर्यंत येणार नाही, गेटबाहेरच थांबेल, आणि आजींना तेवढं चालवायचं नसेल तर जहाजावर आधी सांगून व्हीलचेअर मागवा, हेही त्यांनीच सांगितलं. सासूबाईंनी व्हीलचेअर साफ नाकारली.

बुधवारी जहाज वेळेवर लागलं. पावणेअकराला आम्ही गाडीत.

मी या सहलीला 'देवदर्शन' म्हणून निघाले होते. रस्त्यात ते बदललं. वास्को सोडून चिखलीवरून झुआरीच्या कडेकडेने गाडी निघाली. डावीकडे पाण्यात सांत जासिंतचं इवलंसं बेट दिसतं, लहानशा बांधाने रस्त्याला जोडलेलं, वर झाडी आणि काठाला पांढरं चर्च. मुलगी फोटो काढत होती तेवढ्यात सासूबाई समोर बघत म्हणाल्या, "हे सांकवाळ ना? लक्ष्मीनृसिंह इथला." ड्रायव्हरदादांनी आरशातून बघितलं. "आता वेलिंगला." "हो, आता वेलिंगला." मग कुठ्ठाळी आली. "मंगेश इथला." उजवीकडे आत केळशी, तिथली शांतादुर्गा, आता कवळ्याला. त्याच्याही पुढे वेर्णा. तिथली म्हाळसा, आमची, आता म्हार्दोळला.

सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी सासष्टीतली, म्हणजे झुआरीच्या या दक्षिण काठाकडची, देवळं पाडायला सुरुवात केली तेव्हा लोकांनी देव उचलले आणि नदीपार अंत्रुज महालात नेले. अंत्रुज, म्हणजे आजचा फोंडा, तेव्हा आदिलशाहीत होता. मंगेशाचं लिंग 1560 साली कुठ्ठाळीहून प्रियोळला, म्हणजे आजच्या मंगेशीला गेलं, लक्ष्मीनृसिंह 1567 साली वेलिंगला. फोंडा पोर्तुगिजांकडे आला तो थेट 1763 साली, आणि तोवर त्यांचा पहिला जोर ओसरला होता. म्हणून ती देवळं राहिली. मी हे सगळं वाचलेलं होतं. पण मुरगावला उतरून मंगेशीला जाणं म्हणजे देव ज्या बाजूला गेले त्याच बाजूला, त्याच नदीवरून जाणं, हे गाडीत बसेपर्यंत डोक्यात आलं नव्हतं. पणजीला उतरणाऱ्या जुन्या बोटीने हा रस्ता लागतच नाही. सासूबाईंचा मुरगाववरचा राग कुठ्ठाळीच्या आसपास कुठेतरी संपला.

जहाजाची मंदिराची बस आमच्याच पुढे होती, नव्या पुलावर आम्ही तिला मागे टाकलं. त्या बसमध्ये माइकवर गाइड काय सांगत होता कोण जाणे. सांकवाळ ते कुठ्ठाळी हा पट्टा सांगितला असेल तर त्या माणसाला मी मानेन.

झुआरीवरचा तो नवा दोरांचा पूल डिसेंबर 2022 मध्ये सुरू झाला. त्याआधी कुठ्ठाळीच्या तिठ्यावर तासन् तास अडकलेल्यांनी माझा वरचा सगळा हिशेब वाचून हसून घ्यावं. जुन्या पुलाच्या काळात तो चाललाच नसता. पूल ओलांडला की तिसवाडी. मुलीला बेट बघायचं होतं, तिला म्हटलं, आता तू बेटावरच आहेस. एका बाजूला झुआरी, दुसरीकडे मांडवी आणि पूर्वेला दोघींना जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा. पणजी, जुने गोवे, पिलार, सगळं बेटावर. तिचा विश्वास बसला नाही. बाणस्तारीच्या पुलावर तो कालवा दाखवला तेव्हा म्हणाली, "हे नदीसारखंच आहे." बरोबर आहे तिचं.

मंगेशीला गर्दी होती, जहाजाचीच. दुपारच्या आरतीची वेळ गाठता आली. सात मजली दीपमाळेपाशी सगळ्यांचे फोटो चालू होते आणि हाफ पँट घालून आलेल्या दोन काकांना दारात लुंग्या शोधाव्या लागत होत्या. कपड्यांची ही सूचना जहाजाच्या यादीत अगदी बारीक अक्षरात होती. सासूबाईंनी माहेरच्या देवाला नारळ दिला आणि लगेच निघायची घाई केली. त्यांचा जीव म्हार्दोळला.

म्हार्दोळला मात्र आम्ही बसलो. घाई नव्हती, कारण दिवसाचा मोठा भाग याच्याचसाठी राखलेला. चौकात ती प्रसिद्ध पितळी समई आहे, कासवाच्या पाठीवर उभी, वरपर्यंत दिव्यांची वर्तुळं. आत लाकडी खांबांवरची कोरीव नक्षी, थंड फरशी. बाहेर फुलवालीकडे आबोलीचे वळेसर होते. भटजींनी गोत्र, गाव विचारलं, सासूबाईंनी सांगितलं, मग त्यांनी कोणत्या तरी चुलत घराण्याचं नाव घेतलं आणि दोघांचं गोव्याच्या कोकणीत जे सुरू झालं त्यात आम्ही मुंबईकर बाहेरच राहिलो. नणंद म्हणाली, "आई आज किती बोलतेय." ओटी भरली, प्रसाद घेतला. मुलीने समईची वर्तुळं मोजायला घेतली आणि मधेच चुकून पुन्हा सुरुवात केली.

तिथून पुढे काय, हा प्रश्न मी जाणूनबुजून मोकळा ठेवला होता. माझं नार्वे. सप्तकोटेश्वर हा गोव्याच्या कदंब राजांचा कुलदेव, मूळचा मांडवीतल्या दिवाडी बेटावरचा. बहमनी काळात ते देऊळ पडलं, विजयनगरच्या माधव मंत्र्याने पुन्हा उभारलं, 1540 मध्ये पोर्तुगिजांनी पाडलं. लिंग नदीपार नार्व्याला नेलं आणि 1668 साली शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. दारावर तसा लेख आहे. अलीकडे सरकारने त्याची नव्याने डागडुजी केली, 2023 मध्ये ते पुन्हा खुलं झालं. महाराष्ट्रातून येणाऱ्याने गोव्यात एक तरी देऊळ बघायचं तर ते हे, असं माझं मत आहे, आणि एकाही क्रूझच्या यादीत मला ते सापडलेलं नाही.

ड्रायव्हरदादा म्हणाले, खांडोळ्याहून आमोण्याच्या पुलावरून नार्वे जमेल. तिथून नार्व्याची फेरीबोट धरून गाडीसकट दिवाडीवर, बेट ओलांडायचं, दुसऱ्या फेरीबोटीने जुन्या गोव्याला, आणि तिथून मुरगाव. कागदावर सुरेख वर्तुळ होतं ते. मोहात पडण्यासारखं. पण त्यात दोन फेरीबोटी होत्या, एकीनंतर दुसरी. गाडीला आत जागा मिळणार की पुढची खेप बघायची, हे आपल्या हातात नसतं. नार्व्याच्या बाजूला तर खेपाही कमी. रस्त्यावर उशीर झाला तर दुसरा रस्ता असतो. दिवाडीवर उशीर झाला तर चहूकडे पाणी. मी घड्याळ बघितलं, एक वाजत आलेला, आणि नार्वे सोडलं. ते पुन्हा कधीतरी रेल्वेने येऊन, थिवीला उतरून. जहाजाच्या थांब्यात बसणारी ती जागाच नाही.

जेवण बाणस्तारीच्या रस्त्यावरच्या एका साध्या खानावळीत. देव झाले होते, बुधवार होता, त्यामुळे मासळीला आडकाठी नव्हती: तळलेला इसवण, तिसऱ्यांचं सुकं, हुमण, भात, सोलकढी. जहाजावरचं दुपारचं जेवण तिकिटात धरलेलं असताना बाहेर पैसे का घालवायचे, हा प्रश्न नवऱ्याने सकाळी काढला होता. तिसऱ्यांची दुसरी वाटी मागवताना त्याने तो पुन्हा काढला नाही.

सव्वादोनला जुन्या गोव्यात पोचलो तेव्हा हातात तासभर होता. बॅसिलिका की कॅथेड्रल, यावर नणंद आणि मी बोलत होतो. सासूबाई मधेच म्हणाल्या, "चर्च मी बघितलीयत. मला त्या फेरीबोटीत बसव." नणंद आणि मुलगी बॅसिलिकेकडे गेल्या. मी, नवरा आणि सासूबाई व्हाइसरॉयच्या कमानीतून खाली धक्क्यावर. ही कमान वास्को द गामाच्या पणतूने, तो इथे व्हाइसरॉय असताना उभारलेली. गोव्यात आलेला प्रत्येक नवा व्हाइसरॉय इथून शहरात शिरायचा. आता तिच्याखालून स्कूटरी जातात.

गाडी वरच ठेवली. फेरीबोटीला पायी जाणाऱ्याला तिकीट नाही, आणि पायी असलं की गाडीच्या रांगेची काळजीही नाही. बोट आली की चढायचं. पलीकडून बोट आली, लोखंडी फळी धाडकन उतारावर टेकली आणि आधी स्कूटरी बाहेर पडल्या, मग एक टेम्पो, मग शाळेची मुलं. दोर सांभाळणाऱ्या माणसाने सासूबाईंकडे बघितलं आणि फळीवर एक पाय रोवून हात पुढे केला. सकाळी व्हीलचेअर नाकारणाऱ्या बाईंनी तो हात निमूट धरला. कडेच्या बाकावर बसलो. इंजिनाचा थरथराट बाकातून पाठीत येत होता. समोर एक बाई माशाची टोपली पायाशी घेऊन, बहुधा रिकामी. "तुमी खंयचे?" तिने विचारलं. सासूबाईंनी "म्हार्दोळचे" म्हणून सांगितलं. आम्ही ठाण्याला राहतो.

पाच-सात मिनिटांत दिवाडी. उतरलो, धक्क्याजवळ थोडं चाललो. खाजणातली शेतं, बगळे, लांब टेकडीवर पिएदादचं चर्च. तिथवर जायला वेळ नव्हता आणि मी तो काढलाही नाही. याच बेटाच्या दुसऱ्या टोकाला सप्तकोटेश्वराची मूळ जागा आहे, असं मी सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे हेही सोडून गेले." त्याच बोटीच्या पुढच्या खेपेने परत आलो. या फेरीला पैसे लागले नाहीत, गाइड लागला नाही, आणि माझ्या मते दिवसातला सगळ्यात चांगला पाऊण तास तो होता. पण तो मधे घालता आला याचं कारण बाकीचा दिवस आम्ही कोंबलेला नव्हता.

चार वाजून दहा मिनिटांनी गेटवर. दादा दहा मिनिटांसाठी खंतावले. रांग छोटी होती, क्रूझ कार्ड दाखवलं, सामान यंत्रातून गेलं, नारळ-प्रसादाच्या पिशवीला जवानाने नमस्कार केला आणि आम्ही वर. सासूबाई झोपल्या.

आग्वादची बस आलीच नाही. पाच झाले, सव्वापाच झाले. नणंद डेकच्या कठड्याला चिकटून उभी. साडेपाचला भोंग्यावर घोषणा झाली की एक सहल वाटेत आहे, जहाज थांबेल. म्हणजे काउंटरवरच्या मुलीने सांगितलेलं अक्षरशः खरं ठरलं. सहाला थोडा वेळ असताना बस आली. पर्वरीला अडकले होते. भाचा खूश होता. त्याने किल्ला बघितला, दीपगृह बघितलं, समुद्रात गुडघाभर उतरला आणि जाता-येता दोन्ही वेळा झोप काढली. "तीन तास बसमध्ये होतो का मामी? मला नाही कळलं." त्याच्या वयाला ती सहल बरोबरच होती. नणंदेच्या यजमानांना कळलं होतं. काजूच्या दुकानात पाऊण तास, किल्ल्यावर चाळीस मिनिटं, असा त्यांचा हिशेब. पण जहाज आपल्यासाठी थांबलं याचा त्यांना जो आनंद झाला होता, त्यात ते सगळं भरून निघालं. रात्री जेवताना त्यांनी ती गोष्ट शेजारच्या टेबलालाही सांगितली.

त्या काजूच्या दुकानातून त्यांनी फेणीची बाटली घेतली होती. बाहेरची दारू जहाजावर नेता येत नाही, हे पहिल्याच दिवशीच्या कागदात होतं. शिडीपाशी बाटली काढून घेतली, तिच्यावर केबिनचा नंबर चिकटवला आणि पावती दिली. मुंबईत उतरताना ती सोडवून घेण्याची रांग उतरणाऱ्यांच्या रांगेपेक्षा मोठी होती, आणि आम्ही सगळे सामान घेऊन टॅक्सीपाशी त्यांची वाट बघत उभे.